पेनांगचं जॉर्जटाउन : एकाच गावात ११ दिवस, आईच्या चालीनं

रानजाई
नमस्कार मंडळी. लिहीन लिहीन म्हणता दोन महिने गेले, आज रविवार आणि घरात शांतता, म्हणून बसलेय. फेब्रुवारीत मी आणि आई (वय ७२, गुडघे दुखरे पण फिरायची हौस माझ्याहून जास्त) मलेशियातल्या पेनांग बेटावर जॉर्जटाउनला राहून आलो. ११ दिवस, एकच गाव, एकच खोली. नातेवाईकांपैकी प्रत्येकाने विचारलं की एवढे दिवस तिथे केलंत काय, तर त्यांना तोंडी नीट सांगता आलं नाही म्हणून इथे सांगते.

क्वालालंपूरहून ट्रेन घेतली, साधारण चार तासांत बटरवर्थ, तिथून फेरीबोट. पूल आहे, गाडीनेही जाता येतं, पण पहिल्यांदा जाताना बोटीनेच जा असं मी सगळ्यांना सांगते कारण हे गाव समुद्राकडे तोंड करून वसलंय, १७८६ साली फ्रान्सिस लाइटने ईस्ट इंडिया कंपनीसाठी बेट घेतलं तेव्हापासून माल आणि माणसं सगळं ह्याच बाजूने आलं. बोट जेमतेम पंधरा मिनिटं असते. आई रेलिंगला धरून उभी होती आणि समोर लाल कौलांची छपरं हळूहळू मोठी होत गेली.

पहिल्या दिवशी काही केलं नाही. दुसऱ्या दिवशी चूक केली, ती आधी सांगते. नाश्ता आरामात करून, आवरून अकराला बाहेर पडलो, किल्ला बघितला (फोर्ट कॉर्नवॉलिस), मग मैदानाच्या कडेने चालत चालत बीच स्ट्रीटकडे निघालो तोवर एक वाजला. पारा ३२ असेल. आई एकदम म्हणाली मला बसायचंय, आणि चेहरा पांढरा. मी घाबरले. एका हार्डवेअरच्या दुकानाबाहेर वरांड्यात प्लास्टिकचं स्टूल होतं त्यावर बसवलं, दुकानातली म्हातारी चिनी बाई काही न विचारता आतून टेबलफॅन घेऊन आली, कोमट पाणी दिलं, गार नाही, मुद्दाम कोमट, आणि ओला रुमाल आईच्या मानेवर ठेवला. आम्हाला तिची भाषा येईना तिला आमची. अर्ध्या तासाने आई सावरली. निघताना त्या बाईने आकाशाकडे बोट दाखवून नाही नाही अशी मान हलवली, मग हाताने उगवता सूर्य दाखवला, मावळता दाखवला, आणि मधल्या वेळेसाठी गालाखाली हात ठेवून झोपायची खूण केली.

पुढचे नऊ दिवस आम्ही ती खूण पाळली. सकाळी साडेसात ते साडेदहा बाहेर. मग खोलीवर, आंघोळ, जेवण, झोप, वाचन. पाच वाजता परत बाहेर ते रात्री नऊसाडेनऊपर्यंत. एका वेळेला एकच गोष्ट बघायची, एक गल्ली किंवा एक देऊळ किंवा एक घर. आणि मला मनापासून वाटतं की गरम गाव बघायची हीच रीत आहे, बाकीचे आपण नुसते घाम गाळून परत येतो.

पुढचं लिहितेच आहे, तोवर काही विचारायचं असेल तर विचारा.

वऱ्हाडी_ठेचा
छान लिहून राहिले ताई. पण एक विचारू का, ३२ ला चक्कर? आमच्या अकोल्यात मे महिन्यात ४५ च्या वर जाते आणि लोक दुपारी लग्नं लावतात. खरंच समजून घ्यायचं आहे, पुढच्या वर्षी आईबाबांना घेऊन जायचा विचार आहे.

रानजाई
@वऱ्हाडी_ठेचा, दादा बरोबर विचारलंत. तुमच्याकडे हवा कोरडी, घाम आला की लगेच सुकतो आणि सुकताना अंग गार करतो, म्हणून तुमच्याकडे कूलर चालतो. पेनांग विषुववृत्ताच्या वर फक्त ५ अंशांवर, चारी बाजूंनी समुद्र, हवेत आधीच पाणी भरलेलं, तिथे घाम सुकतच नाही, नुसता वाहतो, शरीरातलं पाणी आणि मीठ जातं पण गारवा मिळत नाही. मी मूळची चिपळूणची, आमच्याकडे मेमध्ये ३३-३४ लाच जीव नकोसा होतो तसंच. आणि रात्रीही २४-२५ च्या खाली फारसं उतरत नाही, त्यामुळे थकवा साठत जातो. तुमच्या आईबाबांना पहिले दोन दिवस काहीही दाखवू नका, नुसतं अंगवळणी पडू द्या. ओआरएसची पाकिटं इथूनच न्या. तिथे दुकानात हंड्रेड प्लस नावाचं क्षाराचं पेय सगळीकडे मिळतं, ते आम्ही रोज एक घ्यायचो. रुमाल दोन, टोपीपेक्षा छत्री बरी, आणि कपडे सुतीच, ते अर्ध्या बाह्यांचे नायलॉनचे टीशर्ट नकोत.

भटका_जीव
धागा आवडला पण प्रामाणिक मत देतो, राग मानू नका. ११ दिवसांत मी लंकावी, केएल (क्वालालंपूर), मलाका आणि सिंगापूर करून आलोय. विमानाचं भाडं भरून एवढं लांब जायचं आणि दुपारभर खोलीत झोपायचं हे पटलं नाही. परत जायची संधी सगळ्यांना मिळत नाही ना.

रानजाई
@भटका_जीव, राग कसला. तुमचं म्हणणं मी निघायच्या आधी स्वतःलाच सांगत होते, माझ्या वहीत लंकावीचे तीन दिवस लिहिलेले होते, आईला बरं वाटेना म्हणून खोडले. पण दुपारी आम्ही खोलीत झोपलो ते काही वाया गेलं असं मला वाटत नाही, कारण ती खोलीच बघण्यासारखी होती. ऐका.

आम्ही उतरलो होतो ते जुनं दुकानघर. जॉर्जटाउनचं जुनं गाव म्हणजे अशा घरांच्याच रांगा, हजारो आहेत, त्यांच्यामुळेच २००८ च्या जुलैत मलाक्यासोबत ह्या गावाचं नाव युनेस्कोच्या जागतिक वारशात गेलं. पुढून बघाल तर रुंदी एका खोलीची, पण आत लांबच लांब जातं, खाली दुकान वर बिऱ्हाड. एवढ्या लांब बोगद्यासारख्या घरात उजेड आणि वारा कुठून येणार, तर मध्येच छप्पर उघडं ठेवलेलं असतं. वर आभाळ, खाली फरशीचा खोलगट चौकोन, एक हौद, चार कुंड्या. आई आत पाऊल टाकल्या टाकल्या म्हणाली, "अगं हा तर आपला चौक." आणि खरंच, तिच्या आजोळच्या वाड्यात असा चौक होता, तुळशीसकट.

दुपारी दीड वाजता बाहेर रस्ता पांढराफटक पडलेला असायचा आणि आम्ही त्या चौकाच्या कडेला वेताच्या खुर्च्यांवर. गरम हवा वर चढून त्या उघड्या चौकोनातून निघून जायची आणि पुढच्या दाराच्या जाळीतून, खिडक्यांच्या लाकडी पट्ट्यांतून नवी हवा आत यायची, पंखा नसला तरी मानेला वारा लागायचा. पायाखाली फरशी गार. सहाव्या दिवशी भर दुपारी पाऊस आला, धो धो, आणि घराच्या मधोमध पडायला लागला, आई ओंजळ पुढे करून बसली होती. मालकीणबाई म्हणाल्या त्यांच्यात घरात पडणारं पाणी म्हणजे घरात येणारी लक्ष्मी. (त्यांचा शब्द अर्थात लक्ष्मी नव्हता, आईने तो घातला.)

आणि बाहेरचा वरांडा, ज्यात आईला त्या बाईने बसवलं, त्याला तिथे काकी लिमा म्हणतात, काकी म्हणजे पाऊल, लिमा म्हणजे पाच, पाच फुटी वाट. प्रत्येक दुकानासमोर वरचा मजला पुढे आलेला आणि खाली सगळ्यांचे वरांडे एकाला एक जोडलेले, म्हणजे उन्हात किंवा पावसात माणूस गल्लीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत छपराखालून जाऊ शकतो. सिंगापूर वसवणाऱ्या रॅफल्स ह्या इंग्रजाने १८२२ मध्ये तिथल्या आखणीत हा नियम घातला आणि मग तो ह्या सगळ्या गावांत पसरला. आपल्याकडे मुंबईत डी. एन. रोडच्या कमानींखालून चालतो तसंच, फक्त इथे लोक त्यात राहतात, केस कापतात, उदबत्त्या लावतात, भाजी निवडतात. एक सावधगिरीचं सांगते, प्रत्येक वरांड्याची उंची वेगळी, मध्येच पायरी, मध्येच स्कूटर लावलेली, खाली बघून चाला. आईचा वेग तिथे अगदी बरोबर होता.

भटका_जीव
हे वाचून थोडं पटलं. मी केएलमध्ये दुपार मॉलमध्ये काढली होती, त्यातलं आज काहीच आठवत नाही.

बायान_लेपास
मी ह्याच बेटावर गेली नऊ वर्षं राहतो. नोकरी चिप कंपनीत, बेटाच्या दक्षिणेला विमानतळाजवळ बायान लेपासला सगळे कारखाने आहेत, १९७२ पासून, इंटेल सुरुवातीलाच आली. मराठी घरं इथे मोजकी पण आहेत, गणपतीला जमतो. धाग्यात आमच्या गावाबद्दल एवढं प्रेमाने लिहिलेलं बघून लॉगिन केलं, नाहीतर मी नुसता वाचनमात्र.

ताईंच्या वेळापत्रकामागचं गणित सांगतो, ते बहुतेक प्रवाशांना माहीत नसतं. पेनांग साधारण १०० रेखांशावर आहे म्हणजे खरं तर वेळ थायलंडसारखी हवी, पण १ जानेवारी १९८२ पासून पूर्ण मलेशियाला एकच वेळ लावली, ग्रीनिचच्या ८ तास पुढे, म्हणजे भारताच्या अडीच तास पुढे. त्यामुळे इथे घड्याळ पुढे आणि सूर्य मागे. फेब्रुवारीत सूर्य उगवतोच साडेसातच्या सुमाराला, डोक्यावर येतो दीडला, मावळतो साडेसातला. आपल्या सवयीने लोक समजतात की बारा वाजले म्हणजे ऊन आता उतरणार, आणि तिथेच फसतात, खरा कडाका दीड ते चार. उलट सकाळी सातला उठलात तरी अंधारच असतो, म्हणजे लवकर उठायचा त्रास नाही.

दुसरं म्हणजे पहाटे कुठे जायचं. च्यू जेटीला जा. वेल्ड कीच्या किनाऱ्यावर चिनी कुळांच्या लाकडी वस्त्या आहेत, समुद्रात खांब ठोकून त्यावर घरं, प्रत्येक धक्का एका आडनावाचा, च्यू, लिम, तान, ली. पर्यटक संध्याकाळी गर्दी करतात पण हा किनारा पूर्वेकडचा, इथे सूर्य उगवतो, समोर मुख्य भूमीच्या डोंगरांवरून. सातला फळ्यांवरून चालत शेवटच्या टोकाच्या देवळापर्यंत जायचं, आवाज न करता, कारण दोन्ही बाजूंना लोक झोपलेले असतात आणि ते त्यांचं घर आहे.

आणि एक दुःखाचं. जुन्या गावात आता राहणारे कमी उरलेत. भाडेनियंत्रणाचा कायदा होता, पिढ्यान्‌पिढ्या पाचपन्नास रिंगिटात (इथलं चलन) लोक राहायचे, आपल्या पागडीसारखंच. तो कायदा गेला आणि जानेवारी २००० पासून भाडी मोकळी झाली, सुतार, विणकर, नामफलक कोरणारे असे कितीतरी जण एकदोन वर्षांत उठले. आज त्या घरांत कॅफे आणि हॉटेलं आहेत, त्यातली काही फार छान जपलीत, पण ताईंना स्टूल देणारी बाई ज्या दुकानात बसते तशी दुकानं दरवर्षी कमी होतात. म्हणून माझी विनंती, येणाऱ्यांनी अशा दुकानांतून काहीतरी विकत घ्या. एक कुलूप घ्या, झाडू घ्या, उदबत्ती घ्या.

रानजाई
@बायान_लेपास, दीडला सूर्य डोक्यावर, हे आत्ता कळलं! आणि तुम्ही शेवटी लिहिलंत ते वाचून बरं वाटलं, आम्ही निघायच्या आदल्या दिवशी त्या बाईच्या दुकानात परत गेलो होतो, आईने पितळेची कडी घेतली, आता ती आमच्या देवघराच्या दाराला आहे. पैसे घेताना बाईने आईचा हात किती वेळ सोडला नाही.

पोफळी
खायचं काय ते सांगा ना. आम्ही शाकाहारी आहोत आणि घरचे म्हणतात तिथे उपाशी राहशील.

रानजाई
@पोफळी, उपाशी नाही राहणार पण सावध राहावं लागेल. जेवणात बेलाचान नावाचा आंबवलेल्या कोळंबीचा गोळा घालतात, आपल्या जवळ्यासारखा, तो भाजीतही असतो, दिसत नाही. चिनी शाकाहारी खाणावळी वेगळ्या आहेत, बुद्धाच्या उपासकांच्या, तिथे निर्धास्त. आणि लिटल इंडियात केळीच्या पानावरचं जेवण, इडली, सगळं. तिथला राणीच्या रस्त्यावरचा महामारियम्मनचा गोपुर १८३३ पासूनच्या देवळाचा, संध्याकाळी सहानंतर जा, घंटा वाजत असतात आणि समोर मोगऱ्याचे गजरे.

मी स्वतः सगळं खाते त्यामुळे मला नासी कांदारबद्दल लिहायचंच आहे. नासी म्हणजे भात, कांदार म्हणजे खांद्यावरची काठी. तमिळ मुसलमान फेरीवाले काठीच्या एका टोकाला भाताचं भांडं आणि दुसऱ्या टोकाला रश्शांची भांडी लटकवून धक्क्यावर विकायचे. कावडच की! आता दुकानं झाली, पण नाव तेच राहिलं. भातावर चारपाच रस्से एकत्र ओततात, त्याला बांजिर म्हणायचं, म्हणजे पूर. ह्या हॉटेलवाल्यांना मामाक म्हणतात, तमिळ मामावरून, आणि आई तिसऱ्या दिवसापासून सरळ "मामा, एक चहा" म्हणायला लागली, तो समजायचा. चहा म्हणजे तेह तारिक, एका भांड्यातून दुसऱ्यात हातभर उंचीवरून ओढलेला, फेसाळ, कंडेन्स्ड मिल्क घातलेला. फार गोड असतो, "कुरांग मानिस" म्हणा, कमी गोड. दोनअडीच रिंगिटात मिळायचा, रिंगिट म्हणजे तेव्हा साधारण वीस रुपये.

पण आईला रडू आलं ते पुटु मायमवर. सकाळी एक माणूस मोटरसायकलवर डबा बांधून यायचा, आत तांदळाच्या पिठाच्या वाफवलेल्या शेवया, वर ओलं खोबरं आणि तांबूस साखर. आईने पहिला घास घेतला आणि म्हणाली, "शिरवाळे." माझी आजी नागपंचमीच्या आसपास शिरवाळे करायची, शेवगा (शेवया पाडायचा साचा) घेऊन बाप्ये माणसं दाबायला बसायची, आणि नारळाचा रस गूळ वेलची घालून. आजी गेल्यापासून आमच्या घरात कोणी केले नाहीत. आणि मग दुपार उतरल्यावर पेनांग रोडजवळच्या गल्लीत चेंदोल खाल्लं तर त्यात तो नारळाचा रसही सापडला, माडाच्या गुळासकट. हिरव्या तांदळाच्या शेवया (पांदानच्या पानाचा रंग, त्याचा वास थेट आपल्या आंबेमोहोराच्या भातासारखा), राजमा, बर्फ, नारळाचं दूध आणि वरून काळपट गूळ. म्हणजे आजीचे शिरवाळे ह्या गावात दोन गाड्यांवर वाटून ठेवलेले होते, शेवया सकाळी आणि रस संध्याकाळी!

सरबतं दोन नक्की प्या. एक जायफळाचं. इंग्रजांनी मलुकू बेटांवरून जायफळाची रोपं आणून इथे लावली होती, त्या फळाच्या टरफलाचं सरबत करतात, आंबटतुरट, पोटाला हलकं. आमच्याकडे बागेत जायफळं आहेत, टरफलं वर्षानुवर्षं झाडाखाली कुजत होती, ह्या वर्षी आईने सरबत केलं. दुसरं आंबाड्याचं, तिथे नावही जवळपास तेच, आंब्रा, त्यात वाळवलेलं खारं प्लम टाकतात. घाम गेलेल्या शरीराला ते खारटआंबट जे काही बरं वाटतं.

सुरंगी
नाव तेच का असेल ताई? आंबाडा इथून गेला की तिथून आला?

रानजाई
@सुरंगी, झाड आलं तिकडून आणि नाव गेलं इकडून असं काहीसं असावं असं आपलं मला वाटतं, पण शब्दांचा विषय काढलात तर आईची वही उघडावीच लागेल. मलय भाषा रोमन लिपीत लिहितात त्यामुळे पाट्या वाचता येतात, आणि आई रिटायर्ड मराठीच्या बाई. सकाळी चालताना पाटी दिसली की मोठ्याने वाचायची. पहिल्याच दिवशी विजेच्या खांबाजवळ "बाहाया", धोका, म्हणजे आपलं भय. दुकानात "हार्गा", किंमत, संस्कृत अर्घ. वर्तमानपत्रावर "बेरिता", म्हणजे वृत्त. भाषा म्हणजे "बाहासा", गूळ सरकत सरकत साखर झाला, "गुला". नवरा "सुआमी", बायको "इस्तेरी", उपवास "पुआसा", काच "काचा". देश म्हणजे "नगारा", आपण ज्याला नगर म्हणतो तो. आणि एक शब्द तिने दोनदा अधोरेखित केलाय, "संगसारा", मूळ संसार, मलयमध्ये अर्थ हालअपेष्टा.

मग पोर्तुगीज. बीच स्ट्रीटवर जुनं अग्निशमन केंद्र आहे, मनोऱ्याचं, सुंदर, त्यावर लिहिलंय "बोंबा". आई रस्त्यातच थांबली. आगीचा बंब! आमच्या न्हाणीघरातला तांब्याचा बंबसुद्धा! पोर्तुगीजांनी बोंबा शब्द आपल्याकडेही ठेवला आणि मलाक्यालाही, १५१० ला गोवा घेतलं आणि १५११ ला मलाका, तीच माणसं, तीच जहाजं. तसंच "मेजा", "आल्मारी", "नानास". गोव्यात खिडकीला जनेल म्हणतात, मलयमध्ये "जंदेला". उलटही आहे, करमळ घ्या, त्याला तिकडे बलिंबिंग म्हणतात पण जगभर जे कॅराम्बोला नाव चालतं ते पोर्तुगीजांनी आपल्या करंबळावरून उचललंय असं शब्दकोश सांगतात. आणि गंमत म्हणजे तिथल्या मंडईचं नाव चौरस्ता. खरंच, चौरस्ता मार्केट, वर जुन्या पुस्तकांची दुकानं आहेत, आम्ही दोन सकाळी तिथेच घालवल्या.

सुरंगी
किती सुंदर. ह्यात माझी एक भर. मी नाटकवाल्या घरातली, त्यामुळे माहीत आहे, मलय लोकांचा बांगसावान नावाचा संगीत नाटकाचा प्रकार पेनांगलाच सुरू झाला आणि त्याचं बीज म्हणजे १८७०-८० च्या दशकात मुंबईहून गेलेल्या पारशी नाटक कंपन्या. पडदे, गाणी, राजेराण्या, सगळं बघून तिथल्या लोकांनी आपल्या भाषेत तसं करायला घेतलं, सुरुवातीला त्याला पारशी खेळाची नक्कलच म्हणायचे. म्हणजे ज्या कंपन्या बघून आपली मंडळी भारावली त्याच तिकडेही पोचल्या होत्या.

नगरकर_८१
धागा वाचतोय आणि एक गोष्ट विचारायचीच आहे. तिथल्या जुन्या प्रोटेस्टंट स्मशानात गेलात का? कारण तिथे आमच्या नगरच्या जावयाची कबर आहे. ॲना लिओनोवेन्स, जी १८६२ मध्ये सयामच्या राजाच्या पोरांना शिकवायला बँकॉकला गेली, जिच्यावर पुढे सिनेमे निघाले, ती जन्मली १८३१ ला अहमदनगरला (आताचं अहिल्यानगर), वडील कंपनीच्या फौजेत सार्जंट. वाढली पुण्यात, लग्न पुण्यात, १८४९ च्या नाताळात थॉमस लिओनोवेन्सशी. स्वतः मात्र आयुष्यभर वेल्सचा जन्म सांगत राहिली, गरीब शिपायाच्या घरची पोर म्हणून कोणी दारात उभं केलं नसतं म्हणून असेल. नवरा पेनांगला हॉटेल चालवत होता, १८५९ ला तिथेच वारला, दोन मुलं घेऊन ती एकटी पडली, आणि म्हणून मग शाळा आणि म्हणून मग बँकॉक. मी दहावीपासून ह्या बाईच्या मागे आहे पण पेनांगला जाणं काही जमलेलं नाही.

रानजाई
@नगरकर_८१, गेलो होतो! नवव्या दिवशी सकाळी. पण तुमच्याएवढं माहीत नव्हतं, फ्रान्सिस लाइटची कबर (तो १७९४ ला गेला) बघायला गेलो होतो. भिंतीच्या आत पाऊल टाकलं की गाडीचे आवाज बंद, सगळीकडे पांढरा चाफा, जुनी झाडं, फांद्या वाकड्यातिकड्या, आणि शेवाळ चढलेले दगड. आई एकेका दगडावरचं नाव वाचत होती, किती जण पंचविशीतिशीत गेलेले, तापाने. लिओनोवेन्सचा दगडही तिने वाचला, मी फोटो काढलाय कारण अक्षरं बरी होती. ती खाली पडलेली चाफ्याची फुलं उचलून प्रत्येक थांबलेल्या ठिकाणी एक ठेवत होती, तेव्हा तुमच्या जावयालाही एक मिळालं असणार. फोटो आज रात्री शोधून तुम्हाला निरोपातून पाठवते.

नगरकर_८१
ताई, काय बोलू. आईंना नमस्कार सांगा.

वऱ्हाडी_ठेचा
ताई, शेवटचं विचारतो, मग तिकिटं काढून घेतो. व्हिसा, खोली आणि बाबांना चढ जमत नाही, पेनांग हिल करावी का?

रानजाई
व्हिसा भारतीयांना सध्या ३० दिवसांपर्यंत लागत नाही, डिसेंबर २०२३ पासून, तरी निघायच्या आधी एकदा तपासा, आणि पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत त्यांचं डिजिटल अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरायचं. पेनांग हिल जरूर करा, चढायचं काहीच नाही, रुळावरची केबलगाडी आहे, १९२३ पासून, डबे नवे, थेट वर नेते. वर चारपाच अंश गार. सकाळच्या पहिल्या गाड्यांनी जा, रांग नसते, आणि बाबांना गरम कपडा नाही पण पातळ शाल असू द्या. निळ्या वाड्यालाही जा, चेओंग फात त्झे ह्या जुन्या चिनी व्यापाऱ्याचं घर, चुन्यात नीळ कालवून भिंती रंगवल्यात, आणि ती नीळ भारतातून जायची. आपण दिवाळीला चुन्यात नीळ घालायचो ना, तोच रंग, फक्त दहापट गडद. गावात फिरायला क्याट नावाची फुकट बस आहे, ती आतल्या सगळ्या रस्त्यांवरून गोल फिरते, पाय दुखले की तीत बसून राहायचं.

खोली घेताना जुनं दुकानघर बघा आणि फोन करून तीन गोष्टी विचारा. जिना किती उभा आहे, कारण बहुतेक ठिकाणी शिडीसारखा असतो, तळमजल्यावर खोली आहे का, आणि ती आतल्या चौकाकडे उघडते का. रस्त्याकडची नको, चौकाकडचीच मागा. आमच्या खोलीचा एसी तिसऱ्या दिवशी बंद पडला तो आम्ही निघेपर्यंत दुरुस्त झाला नाही, आणि दोन दिवसांनी आईने मला सांगितलं की आता त्याच्यासाठी परत विचारू नकोस, दार उघडं ठेव.